नागपुरात फ्रॉगफिश पाळायचाय? आधी एक उन्हाळा त्याच्याशिवाय काढा

फ्रॉगफिश हा पोहणं जवळजवळ सोडून दिलेला मासा आहे. तळाशी, दगडाच्या आडोशाला नाहीतर स्पंजला टेकून तो तासन्‌तास बसतो. जागा बदलायची झाली तर छातीच्या आणि पोटाच्या परांवर पाऊल टाकल्यासारखा चालत जातो. कल्ल्याचं भोक परामागे लपलेलं असतं, बटणाच्या काजाएवढं बारीक. पाठीच्या पहिल्या काट्याची कपाळावर गळाची काठी झालेली असते आणि तिच्या टोकाला आमिष असतं. एखादा मासा आमिषाकडे वळला की सुमारे सहा मिलिसेकंदांत काम संपतं. तोंडाची पोकळी बारापट फुगते, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर शिकारही जाते. हे डोळ्यांना दिसतच नाही. समोर मोली (एक छोटा मासा) होती, आता नाही, एवढंच कळतं.

या माशाच्या गरजा थोड्या आहेत. दोन फुटांचा टँक, आठवड्याला दोन जेवणं आणि एकांत. तरी तो मरतो, आणि बहुतेक वेळा तीनच कारणांनी: पाणी तापलं, घास मोठा झाला किंवा पोटात हवा गेली. दुसरं आणि तिसरं कारण कुठल्याही गावातलं. पहिलं मात्र खास आपलं आहे. म्हणून खालचा सगळा क्रम नागपूरच्या कॅलेंडरवर बसवला आहे: फेब्रुवारीत टँक उभा करायचा, मार्च संपेपर्यंत सायकल पूर्ण करायची (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होऊ द्यायचे), एप्रिलपासून त्यात मोली ठेवायच्या, मे आणि जून जाऊ द्यायचे आणि मासा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणायचा. घाई असणाऱ्यांना हे लांबण वाटेल. पण नवतपात, मेअखेरच्या तापत्या दिवसांत, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) कमी पडतोय हे कळायचंच असेल, तर ते मोलींवर कळलेलं बरं.

कोणती जात घ्यायची

घरच्या टँकसाठी वॉर्टी फ्रॉगफिश, म्हणजे अँटेनेरियस मॅक्युलॅटस. पूर्ण वाढ साधारण १० सेंमी, फार तर १५. अंगावर चामखिळीसारखे फोड असतात. रंग पिवळा, पांढरा, काळा किंवा गुलाबी डागांचा. रंग पाहून मासा निवडू नका, कारण तो आजूबाजूच्या दगड-स्पंजांच्या रंगाप्रमाणे काही आठवड्यांत बदलू शकतो. पिवळा म्हणून घेतलेला मासा संक्रांतीपर्यंत तपकिरी झाला, तर ती फसवणूक नाही.

केसाळ दिसणारा स्ट्रायेटस २५ सेंमीपर्यंत वाढतो, त्याला तीन फुटांचा टँक लागतो. हिस्पिडस आपल्या पूर्व किनाऱ्यावरही सापडतो, २० सेंमीपर्यंत जातो, पण ट्रॉलच्या जाळ्यातून ओढून आणलेला असेल तर तो सहसा टिकत नाही. कॉमरसनी ४५ सेंमी होतो. त्याचा घरात विचारही नको. अडचण अशी की दोन-तीन सेंमीची पिल्लं सगळ्या जातींची सारखीच दिसतात. म्हणून ५-६ सेंमीचा, ओळखू येणारा मासा घ्या. सारगॅसम फ्रॉगफिश नावाने मिळणारा मासा तळाचा नाही; तो तरंगत्या शेवाळात राहतो आणि त्याची मांडणी वेगळी असते.

टँक

माप ६० × ४५ × ४५ सेंमी, काच ८ मिमी. उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, कारण हा मासा वरच्या पाण्यात फिरकत नाही. पाणी ४० सेंमीपर्यंत भरलं की १०८ लिटर होतं. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर हाती ९५ लिटर उरतं. पुढची सगळी गणितं या ९५ वर आहेत. भरलेल्या टँकचं वजन दीडशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा टीव्हीचं टेबल चालणार नाही. चौकोनी लोखंडी पाइपचा स्टँड करून घ्या, त्याला दोन हात इपॉक्सी रंग द्या. खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी साधा रंग वर्षभरात फुगतो.

वाळू २ सेंमीच्या वर नको. झडप घालताना मासा वाळूही गिळतो, आणि जाड थराखाली घाण साचते. अरॅगोनाइटची १-२ मिमी दाण्याची वाळू घ्या, किंवा तळ मोकळाच ठेवा. मोकळा तळ साफ करायला सोपा. दगड ६ ते ८ किलो, कारखान्यात तयार केलेले सिरॅमिकचे. ते आधी काचेवर टेकवा, वाळू नंतर घाला. वाळूवर ठेवलेला दगड कधीतरी सरकतो, आणि तेव्हा मासा त्याच्या खालीच बसलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दुकानात ‘कोरल’ म्हणून मिळणारे पांढरे फांद्यांचे तुकडे घेऊ नका. दगडी प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि मेलेलं प्रवाळ बाळगणंही त्यात येतं. या माशाला प्रवाळाची गरजही नाही. त्याला पंजा रोवता येईल असा खडबडीत कोपरा लागतो, आणि तो सिरॅमिकच्या दगडात मिळतो.

पंप ताशी ५००-६०० लिटरचा पुरे. टुल्लू लावायचा मोह टाळा. प्रवाह इतका मंद हवा की माशाच्या कपाळावरचं आमिष त्याच्या मर्जीने हलावं, पाण्याच्या जोराने नाही. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधा. फ्रॉगफिशला तिथून सुटायची ताकद नसते, तो जाळीला चिकटून बसतो आणि कातडी सोलली जाते. बाहेर टांगायचा प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं उपकरण) डब्यावर २००-२५० लिटर लिहिलेला घ्या. हा मासा क्वचित खातो, पण खातो ते मांसच, आणि त्याची घाणही तशीच जड असते.

वर काच झाकू नका, उष्णता कोंडते. ॲल्युमिनियमच्या चौकटीला मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून बसवा. हवा खेळते, मोली उडी मारत नाहीत आणि पालही आत पडत नाही. टँकची सगळी उपकरणं ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर, घ्या. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी झोलाच्या टोकावरून जमिनीवर टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाणी आणि मीठ

नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, पण क्लोरीन आणि क्षार असतातच. बोअरचं पाणी तर जड असतं. दोन्ही सरळ वापरू नका. स्वयंपाकघरातला आरओ चालेल, पण एका अटीवर: त्यातला मिनरल कार्ट्रिज आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बाजूला करता आला पाहिजे, कारण हे दोन्ही काढलेले क्षार पुन्हा पाण्यात मिसळतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) एक नळी जोडली की टीडीएस मीटरवर ० ते ५ आकडा यायला हवा. तो १० च्या वर गेला की रेझिन बदला. नाहीतर काचेवर तपकिरी शेवाळ चढतं आणि लोक दिव्याला दोष देत बसतात.

मरीन सॉल्ट लिटरला साधारण ३६ ग्रॅम. पहिल्या भरणीला ९५ लिटरसाठी ३.४ किलो मीठ जातं. नेहमी पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. कोरड्या मिठावर पाणी पडलं की आधी दाट द्रावण तयार होतं, त्यात कॅल्शियम साका धरून बसतं आणि मग कितीही ढवळलं तरी विरघळत नाही. निळ्या पिंपात लहान पंप आणि हवेचा दगड (हवेच्या पंपाचे बुडबुडे सोडणारा) लावून २४ तास फिरवा, मग मोजा. क्षारता १.०२५ (हे विशिष्ट गुरुत्व; पीपीटीत, म्हणजे हजार भागांत मीठ किती या मापात, साधारण ३५), तापमान २५ अंश.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. तो नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर महिन्यातून एकदा तपासा. काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण एक बुडबुडा काट्याला चिकटला तरी आकडा चुकतो.

उष्णता

नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना कूलर नसलेल्या खोलीत ३६-३८ असतात. पंप आणि दिवे पाण्यात आणखी एखादा अंश मिसळतात. फ्रॉगफिशसाठी २४ ते २६ चांगलं, उन्हाळ्यात २७ पर्यंत चालवून घेता येतं. ३० च्या वर त्याचा श्वास जोरात चालतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू नेमका तेव्हाच कमी झालेला असतो, आणि पोटातला घास पचायच्या आधी कुजायला लागतो.

पाण्यावर पंखा लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. १२ व्होल्टचे दोन लहान पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावले की कोरड्या हवेत पाणी ३-४ अंशांनी उतरतं. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय इथे मुंबईपेक्षा चांगला चालतो. पण दोन मर्यादा आहेत. एक, ३८ मधून ४ गेले तरी ३४ उरतात. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची: जूनच्या मध्यात पावसाची हवा येते, तेव्हा बाहेर अजून ३५-३८ असतात, पण हवा ओली झालेली असते. त्या दिवसांत घरातला कूलर नुसती चिकचिक करतो आणि टँकवरचा पंखाही तसाच नाकाम होतो. मे निभावला म्हणून लोक निश्चिंत होतात, आणि टँक हातचा जातो तो जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात.

म्हणून चिलर लागतोच, किंवा टँकच्या खोलीत रात्रंदिवस एसी. खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच. हा आकडा जमत नसेल तर इथेच थांबलेलं बरं, गोड्या पाण्यातले चांगले मासे कमी नाहीत. चिलर घेताना डब्यावरच्या लिटरवर जाऊ नका. तो आकडा सौम्य खोलीसाठी असतो. ९५ लिटरला कंपनी १/१० एचपी सुचवत असेल तर त्याच्या पुढचं माप घ्या. चिलर स्टँडच्या कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता काढून मागे फेकतो. कपाट बंद असेल तर तीच गरम हवा पुन्हा ओढतो, तासाभरात स्वतःच तापतो आणि ट्रिप होतो. भिंतीपासून किमान फूटभर अंतर ठेवा, मागची हवा खिडकीकडे जाऊ द्या आणि जाळीवरची धूळ दर पंधरा दिवसांनी ब्रशने काढा. कापसाच्या मोसमात दर आठवड्याला.

चिलर २६ वर लावा, हीटर २४.५ वर. मधलं अंतर ठेवलं नाही तर दोघं एकमेकांविरुद्ध चालत राहतात आणि भुर्दंड वीजबिलात दिसतो. हो, हीटरही लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा १५० वॅटचा हीटर रात्रभर अधूनमधून चालू राहतो.

वादळी पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप आणि फिरता पंप ठेवा. चिलर बॅटरी लवकर संपवतो. फ्रीजरमध्ये आरओ पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या उन्हाळाभर गोठवलेल्या असू द्या. झाकण घट्ट असलेली एक बाटली टँकच्या कोपऱ्यात सोडा, वितळली की दुसरी. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. सरळ बर्फ पाण्यात टाकला तर पाणी थंड होतं आणि क्षारताही पडते.

पंखा लावलेल्या टँकमधलं पाणी उडतं किती, हे एकदा पट्टीने मोजून पाहा. ६० × ४५ च्या टँकमध्ये पातळी १ सेंमी उतरली म्हणजे २.७ लिटर गेले. मेमध्ये एवढं पाणी दिवसाला उडू शकतं. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. एका दिवसात क्षारता ३५ वरून ३६ वर जाते, चार दिवस लक्ष दिलं नाही तर ३९ च्या पुढे. काचेवर मार्करने रेघ ओढा आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत साधं आरओ पाणी भरा. खारं पाणी नाही. नव्या माणसाची सगळ्यात सामान्य चूक हीच.

सायकल, आणि मग मोली

टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. त्यांना खायला अमोनिया द्यावा लागतो. प्रयोगशाळेच्या प्रतीचं अमोनियम क्लोराईड घ्या. ९५ लिटरमध्ये २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) अमोनियासाठी अर्धा ग्रॅमच्या थोडं वर पुरतं. हेच रसायन नवसागर म्हणून कल्हईवाल्यांकडे असतं, पण ते शुद्ध असेलच असं नाही, म्हणून टँकमध्ये नको. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, मग नायट्राइटही उतरतो. २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत दोन्ही शून्यावर आले की सायकल झाली. त्यानंतर निम्मं पाणी बदला.

आता मोली. साधी काळी मोली घ्या, फुगीर पोटाची बलून मोली नको. ती मुळातच अशक्त असते. पाच लिटर दुकानातल्या पाण्यात चार मोली, हवेचा दगड, आणि वरून टँकचं पाणी सलाइनच्या नळीने थेंबथेंब. बादली अर्धी भरली की थोडं काढून टाका आणि थेंब चालू ठेवा. सहा ते आठ तासांत १.०२५ गाठायचं. मोली हे सोसते, कारण तिचे जंगलातले भाऊबंद खाडीच्या पाण्यातही राहतात. गोड्या पाण्यातून आल्यामुळे तिच्यासोबत समुद्री रोग टँकमध्ये येत नाहीत, हा मोठा फायदा.

या चार मोली मे-जूनमध्ये जगल्या, खाल्ल्या, व्यायल्या, तर तुमचा चिलर, इन्व्हर्टर आणि रोज पाणी भरायची सवय, तिन्ही पास. पिल्लं वेगळ्या ४०-५० लिटरच्या टबमध्ये खाऱ्याच पाण्यात वाढवा. फ्रॉगफिशचं पहिल्या सहा महिन्यांचं जेवण तेच. मासा येण्याआधी सगळ्या मोली टँकमधून काढा. त्या आत राहिल्या तर एकाच दिवसात चारही पोटात जातील, आणि मग टँक रिकामा होईल, मोली संपल्या म्हणून नाही, मासा गेला म्हणून.

मासा आणणं

सागरी मासे नागपूरला मुंबई-चेन्नईहून पिशवीत प्राणवायू भरून येतात. रेल्वेने मुंबईहून यायलाही एक रात्र लागते, पिशवी बांधल्यापासून उघडेपर्यंत वीस तास सहज होतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: मासा तुमच्याकडे खातो का, आणि काय? खातानाचा व्हिडिओ मागा. दुसरा प्रश्न, तुमच्या पाण्याची क्षारता किती? बरेच जण १.०२० च्या आसपास ठेवतात. मासा पाठवण्याआधी चार दिवस उपाशी ठेवायला सांगा. भरल्या पोटी निघालेला फ्रॉगफिश वाटेत उलटी करतो आणि त्याच घाण पाण्यात पोचतो.

घरी ३० लिटरचे दोन प्लास्टिक टब तयार ठेवा. पहिल्याची क्षारता पिशवीइतकीच, समजा १.०२०. पिशवी बंद असताना १५-२० मिनिटं तरंगवा, म्हणजे तापमान जुळेल. उघडल्यावर मात्र तासभर थेंब सोडत बसायचं नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याने पीएच उतरलेला असतो आणि तोवर साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मारक होतो. क्षारता आधीच जुळवून ठेवलेली असली की मासा लगेच हलवता येतो.

हलवायचा कसा, हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: फ्रॉगफिश पाण्याबाहेर काढायचा नाही, जाळीने तर अजिबात नाही. घाबरला की तो पाणी गिळून फुगतो. बाहेर असेल तर हवा गिळतो आणि ती त्याला सहज बाहेर काढता येत नाही. पिशवी बादलीत रिती करा, एक लिटरचा पारदर्शक डबा पाण्याखाली नेऊन त्याच्यासमोर आडवा धरा, मागून बोटाने हलकेच पुढे सरकवा. डबा पाण्यासकट उचला, वरचं जास्तीचं पाणी ओता, पण माशाची पाठ बुडालेली राहू द्या, आणि डबा टबच्या पाण्यात बुडवून तिरपा करा. तो चालत बाहेर येतो. घाई करू नका, कधी पाच मिनिटं घेतो.

दर ७२ तासांनी याच पद्धतीने दुसऱ्या टबमध्ये, दोन टब आलटून-पालटून वापरत असे चार मुक्काम, १२ दिवस. रिकामा झालेला टब धुऊन दिवसभर उन्हात वाळवायचा. पांढऱ्या ठिपक्यांचा समुद्री परजीवी माशावरून गळून तळाला कोष करतो आणि त्यातून नवे बाहेर यायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागतात. तेवढ्यात मासा पुढच्या टबात गेलेला असतो. फ्रॉगफिशला इतर माशांसारखे खवले नसतात, म्हणून तांब्याचं औषध त्याला झेपत नाही आणि हाच सुरक्षित मार्ग उरतो. क्षारता मुक्कामागणिक वाढवा: १.०२०, १.०२२, १.०२४, १.०२५. टबात वाळू नको, बसायला पीव्हीसीचा एल्बो आणि हवेचा दगड. खायला तीन दिवसांत एखादा छोटा झिंगा, तोही टब बदलण्याच्या आदल्या दिवशी नाही.

मुख्य टँकमध्ये तो एकटाच राहील. सोबत दुसरा फ्रॉगफिश ठेवला तर मोठा लहानाला गिळतो, सारखे असले तर दोघंही प्रयत्न करतात. डॅमसेल, रास, पफर हे मासे त्याचं आमिष आणि कातडी टोचतात. ॲनिमोनी डंख मारते. सफाईसाठी लिंबाएवढी गोगलगाय चालते, कोळंबी ठेवली तर ते जेवण झालं.

खाणं

५-६ सेंमीच्या माशाला एक दिवसाआड, ८ सेंमीच्या पुढे आठवड्यातून दोनदा. घास माशाच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठा नको. हा मासा स्वतःएवढी शिकारही गिळू शकतो, आणि गिळतो. पण पचवू शकेलच असं नाही. मोठी शिकार बाहेरून पचायला लागते, तोवर आतली कुजते, त्यातला वायू पोट फुगवतो. तो मागतोय, आमिष हलवतोय, म्हणून द्यायचं नाही. तो नेहमीच हलवतो.

सुरुवात मोलीच्या पिल्लांनी किंवा तलावातल्या जिवंत झिंग्यांनी. झिंगे खाऱ्या पाण्यात थोडा वेळच तग धरतात, म्हणून एकेक सोडा आणि उरलेला काढा. गोल्डफिश देऊ नका. त्यात ब-१ जीवनसत्त्व मोडणारा पदार्थ असतो आणि त्याची चरबीही या माशाला मानवत नाही.

महिनाभराने मेलेल्या अन्नाची सवय लावायची. बाजारातून बर्फातली ताजी कोळंबी घ्या, सोला, काळा धागा काढा, दीड सेंमीचे तुकडे करून पसरून गोठवा. मीठ-मसाला लावलेली किंवा पाण्याने फुगवलेली पाकिटं नकोत. माशाला पाच दिवस उपाशी ठेवा. मग हवेच्या पंपाची दोन फूट ताठ नळी घ्या, टोकाला ब्लेडने १ सेंमीची चीर द्या, चिरेत तुकड्याचं टोक अडकवा. सुई, टूथपिक, दोरा नको. तो टोकासकट गिळतो. तुकडा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ५-६ सेंमी समोर धरा आणि जखमी माशासारखा अडखळत हलवा: दोन झटके, थांबा, एक झटका. तो आधी डोळे वळवतो, मग एक पाऊल पुढे टाकतो, मग आमिषाची काठी मागे दुमडून घेतो. काठी दुमडली की हात स्थिर ठेवा, पुढच्या क्षणी नळी रिकामी असते. अर्ध्या मिनिटात काही झालं नाही तर काढून घ्या, उद्या पुन्हा. तोंडाला तुकडा लावून डिवचलं तर तो त्या नळीला कायमचा घाबरतो.

कोळंबीवरच वर्ष काढू नका. मधून मोली, मधून समुद्री माशाचा तुकडा, आणि आठवड्यातून एकदा तुकड्यावर जीवनसत्त्वांचे दोन थेंब.

बिघडलं तर

मासा वर तरंगतोय, पोट टम्म: हवा गेली. हात साबणाशिवाय धुवा, त्याला पाण्याखालीच तोंड वर करून धरा आणि पोटावरून तोंडाकडे बोटाने अगदी हलकं सरकवत न्या. बुडबुडे येतात. दोन मिनिटांत आले नाहीत तर सोडा, संध्याकाळी पुन्हा करा.

घास उलटून टाकला: घास मोठा होता, किंवा पाणी २३ च्या खाली गेलं. तुकडा तासाच्या आत काढा, चार दिवस काहीही देऊ नका, पुढचा घास निम्मा द्या.

आठ-दहा दिवस खात नाही, पण डोळे फिरवतो, पंजा घट्ट रोवलेला आहे: काही करू नका. वाढलेला मासा दोन आठवडे सहज काढतो. मोठी जांभईही आजार नाही. पंजा सुटून कुशीवर पडत असेल, श्वास भराभर चालत असेल, तर आधी तापमान पाहा, मग अमोनिया, मग क्षारता, याच क्रमाने. अमोनिया दिसला तर लगेच ३० लिटर पाणी बदला. आमिष तुटलं तर घाबरू नका, ते पुन्हा वाढतं.

दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदला, त्यासाठी ५४० ग्रॅम मीठ. नायट्रेट २० पीपीएमच्या खाली राहायला हवं. डासांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे टँकच्या खोलीत वापरू नका. हवेचा पंप तीच हवा पाण्यात ढकलतो. दिवाळीआधीच्या रंगकामाच्या दिवसांत हवेच्या पंपाची हवा खिडकीबाहेरून घ्या.

गावाला जायचं असेल तर निघण्याच्या तीन दिवस आधी शेवटचा घास द्या, नंतर आठवडाभर तो उपाशी राहू शकतो. शेजाऱ्यांना खाऊ घालायला सांगू नका, कोणीतरी प्रेमाने चार मोली सोडून जातं. दोन लिटरच्या बाटल्यांत आरओ पाणी भरून, बाटल्यांवर वार लिहून रांगेत ठेवा, आणि काचेवरची मार्करची रेघ दाखवून सांगा: रोज सकाळी पाणी इथपर्यंत, आणि चिलरवरचा आकडा २७ च्या वर दिसला तर फोन करा.